पावसाळ्याची बेगमी आणि शेतावरचीं माणसें

वैशाख अर्धा सरला कीं वाशीमच्या बाजूस प्रत्येक भरल्या घरांत एकच लगबग सुरू होते. तुरीची डाळ डब्यांत भरली जाते, गव्हांत कडुलिंबाचा पाला घातला जातो, सांडगे-कुरड्या उन्हांत पडतात, लोणच्याच्या बरण्यांस दादरे बांधले जातात, आणि घरांतील एखादा तरुण छपरावर चढून गळक्या जागा शोधतो. मृग निघण्यापूर्वीं घर चार महिन्यांस पुरेल इतकें सज्ज झालें पाहिजे, हा आजी-पणजींनीं घालून दिलेला दंडक; आणि तो इतका अंगवळणीं पडला आहे कीं कोणास सांगावा लागत नाहीं. या दंडकांत पोटाचा विचार पुरा झाला आहे. आभाळाचा मात्र झालेला नाहीं, एवढेंच नम्रपणें सुचविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची आमच्याच घरची गोष्ट सांगतों. ज्येष्ठ लागला होता. शेतावर धसकटें वेचण्याचें काम चाललें होतें. दुपारीं तीनच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळें होऊन आलें आणि गडगडूं लागलें. घरांत एकच धांवपळ उडाली. वहिनींनीं गच्चीवरचे पापड उचलले, धाकट्यानें दूरदर्शनसंचाची तार काढली, मुलांस आंत घेऊन दारें लावलीं. सर्व कांहीं सुरक्षित झालें असें समजून आम्ही चहास बसलों, तोंच आजीनें विचारलें, ‘शेतावरचीं माणसें कोठें आहेत रे?’ कोणासच ठाऊक नव्हतें. आमचा सालदार आणि पांच बाया बांधावरच्या बाभळीखालीं बसून होतीं, हें संध्याकाळीं कळलें. त्या दिवशीं वीज दुसरीकडे पडली. पापडांची आठवण सर्वांस झाली आणि माणसांची एकट्या आजीस, ही गोष्ट मात्र अद्याप मनांतून जात नाहीं.

वाशीम हा जिल्हा अकोल्यापासून १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला. वाशीम, मालेगांव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें वत्सगुल्म तें हेंच वाशीम. जिल्ह्याची जमीन उंचवट्याची आहे. काटेपूर्णा येथें उगम पावून उत्तरेस पूर्णेकडे आणि पुढें तापीच्या खोऱ्यांत जाते. अडाण व अरुणावती यांचें पाणी गोदावरीच्या खोऱ्यांत उतरतें. दक्षिणेच्या अंगास पैनगंगा वाहते. येथें समुद्र नाहीं, म्हणून चक्रीवादळाची भरती नाहीं; महानगर नाहीं, म्हणून हजारोंस एकदम ग्रासणारा पूर नाहीं. संकट येथें लहान लहान तुकड्यांनीं येतें. एखाद्या शिवारांत वीज पडते, एखाद्या पट्ट्यांत गारा पडतात, एखादा नाला तासाभरांत दुथडी भरतो आणि तोच वैशाखांत कोरडा ठणठणीत पडतो. फेब्रुवारी २०१८ मध्यें विदर्भ-मराठवाड्यांतील हातीं आलेला गहू-हरभरा गारांनीं झोडपला, त्यांत हा जिल्हाही होता. परंतु तुकड्यांनीं येणाऱ्या संकटाची बातमी लहान होते आणि विस्मृति लवकर होते. ज्या घरावर तें कोसळतें त्या घरापुरतें मात्र तें पूर्णच असतें.

यांपैकीं विजेचा विचार प्रथम केला पाहिजे. कारण तिच्यापासून बचाव करण्यास पैसा फारसा लागत नाहीं, केवळ ज्ञान व शिस्त लागते. वीज उंच व एकाकी वस्तूवर पडण्याचा संभव अधिक, हें सर्वांस ठाऊक आहे. तरीही पाऊस आला कीं माणूस झाडाखालींच धांवतो. झाडावर पडलेली वीज लांकडापेक्षां अधिक सुलभ वाट म्हणून जवळच्या मनुष्यदेहांत उडी घेते. जी उडी घेत नाहीं ती मुळांपाशीं जमिनींत पसरते आणि पायांवाटे शरीरांत शिरते. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर फार, म्हणून झाडाखालीं बांधलेलीं बैलजोडी एकदम गतप्राण झालेली आढळते. चोहोंकडून उघडा टिनाचा मांडवही निर्धोक नव्हे. पक्कें बंद घर, किंवा पत्र्याची बंद मोटार, एस.टी. अथवा जीप, हा खरा आसरा. उघडा ट्रॅक्टर नव्हे.

वीज किती दूर आहे हें मोजण्यास उपकरण लागत नाहीं. लकाकी दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत अंक मोजावे; दर तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर. तीस अंकांच्या आंत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे, आणि काम त्याच क्षणीं थांबविलें पाहिजे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. उघड्या रानांत सांपडलेल्यानें झाड, खांब, तारेचें कुंपण व पाणी यांपासून दूर, सखल जागीं, पाय जुळवून उकिडवें बसावें. हात जमिनीस टेकूं नयेत, आडवें पडूं नये, आणि अनेक जण असल्यास एकमेकांपासून अंतर ठेवावें. हा निरुपायाचा उपाय आहे, आसऱ्याची बरोबरी त्यास येत नाहीं. वीज लागलेल्या माणसाच्या अंगांत ती शिल्लक राहते, ही समजूत खोटी आहे. त्यास निःशंक स्पर्श करावा. श्वास व नाडी थांबली असल्यास छातीच्या मध्यावर मिनिटास १०० ते १२० या वेगानें जोरानें दाब देत राहावें आणि दुसऱ्यानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेवढ्यानें कित्येक माणसें परत येतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘दामिनी’ ही सोय आतां मोबाईलवर जवळपासच्या विजेची सूचना देते. ती शिकल्या-सवरलेल्या धन्याच्या हातांत असते आणि धनी बहुधा घरांत असतो. बाभळीखालीं असतो तो सालदार. तेव्हां सूचना हातीं येणें ही निम्मीच तयारी. ती शेतावर पोंचणें ही उरलेली निम्मी. घरांतील कोणी एकानें, आळीपाळीनें कां होईना, हें काम अंगावर घेतलें पाहिजे, आणि शेतावरील कोणाचा मोबाईल चालू असतो हें त्यास ठाऊक पाहिजे.

परंतु येथेंच खरी अडचण आहे. रोजावर आलेली बाई निंदण अर्धवट टाकून आसऱ्यास कां जाईल? गेलेल्या वेळाची मजुरी कापली जाईल, उद्यां कामास बोलावणें येणार नाहीं, हें भय तिला विजेच्या भयाहून जवळचें असतें. म्हणून गडगडाटामुळें काम थांबल्यास एक पैही कापली जाणार नाहीं, हें धन्यानें आधींच व स्वतःच्या तोंडानें सांगितलें पाहिजे. सालदाराचा वर्षाचा ठराव गुढीपाडव्यास होतो. त्याच बैठकींत धान्य, कपडा व पगार यांबरोबर हें एक कलम घालण्यास काय हरकत आहे? आश्विनांत सोयाबीनची सुडी रचतांना तर याची अधिकच गरज. कारण परतीचा पाऊस गडगडतच येतो, आणि ओल्या सुडीच्या धास्तीनें धनीच माणसांस घाई करीत असतो.

दुसरा विचार पायांखालच्या जमिनीचा. पैनगंगेपलीकडील हिंगोली जिल्ह्यांत २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजीं सकाळीं सुमारें ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. जुलैचा धक्का वाशीमकडेही जाणवला. त्यावरून पुढें मोठा भूकंप येणारच असें नव्हे; तें कोणासही सांगतां येत नाहीं. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गांवें झोंपलीं असतां, किल्लारीस काय झालें तें विसरून चालणार नाहीं. तो प्रदेश भूकंपाच्या दृष्टीनें निर्धास्त मानला जात असे. सुमारें आठ हजार माणसें गेलीं, तीं मुख्यतः स्वतःच्याच घरांखालीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांच्या दोन्ही तोंडांस एकत्र सांधणारे लांब दगड नाहींत, आणि वर एक-दोन फूट मातीचें ओझें. आपल्याकडील जुन्या धाब्याच्या घरांचीही घडण अनेक ठिकाणीं अशीच आहे. दरवर्षीं धाब्यावर नवी माती टाकण्याऐवजीं जुनी उतरवावी, फुगलेली भिंत जाणत्या गवंड्यास दाखवावी, वृद्धांच्या व मुलांच्या खाटा तिच्यापासून दूर हलवाव्या. हें करतांना गोठ्याशेजारच्या ज्या खोलींत सालदाराचें कुटुंब राहतें तिची भिंतही पाहावी. घरचें सर्वांत जुनें बांधकाम बहुधा तेंच असतें.

उरलेली तयारी गृहिणींच्या हातची आहे आणि ती त्या आमच्याहून चांगली जाणतात. एका झांकणाच्या डब्यांत विजेरी, काडेपेटी, रोजच्या औषधांचा आठवड्याचा सांठा, मात्रांचा कागद, सातबारा व बँकेच्या पुस्तकांच्या प्रती ठेवाव्या. जिल्हा आपत्ति नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. पिकाची हानि झाल्यास आवरण्यापूर्वीं तारखेसह छायाचित्र घ्यावें. तलाठ्याच्या पंचनाम्यास तें उपयोगी पडतें. नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर शाळेहून येणारें मूल पलीकडे कोणाच्या घरीं थांबेल, तेंही आधींच ठरवून त्या घरीं सांगून ठेवावें. गुडघाभर वाहतें पाणी धडधाकट माणसासही ओढून नेतें.

या सर्वांस एक संध्याकाळ पुरे. मृगापूर्वींच्या एखाद्या दिवशीं, लोणच्याच्या बरण्या फडताळांत गेल्यावर, घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसावें. सालदारास व त्याच्या बायकोसही बोलवावें, आणि त्यांस उंबऱ्याबाहेर न ठेवतां बैठकींत बसवावें. आमच्या आजी आतां नाहींत. त्यांचा प्रश्न मात्र आम्ही मागच्या दारावर लिहून ठेवला आहे, आणि आभाळ भरून आलें कीं पापडांकडे धांवणारा प्रथम तो वाचतो: शेतावरचीं माणसें कोठें आहेत?