पाळण्यातल्या पायांचं माप

पुढे शास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या फ्रान्सिस गॉल्टननं आपल्या पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, १५ फेब्रुवारी १८२७ रोजी, थोरल्या बहिणीला पत्र लिहिलं. ही ॲडेल म्हणजे त्याची पहिली शिक्षिका. पत्रात पोरानं सगळी कमाई मांडून ठेवली आहे: कुठलंही इंग्रजी पुस्तक वाचता येतं, लॅटिन नामं-विशेषणं पाठ आहेत, लॅटिन कवितेच्या ५२ ओळी म्हणता येतात, बेरीज कसलीही जमते. शिवाय कोणकोणत्या आकड्यांनी गुणता येतं, याची यादी. त्या यादीत आधी ९ आणि ११ सुद्धा होते. मग बहुधा मन खाऊ लागलं. एक आकडा त्यानं चाकूनं खरवडला, दुसऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवला.

या पत्रावरून आणि घरच्या आठवणींवरून लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञानं १९१७ साली जाहीर केलं, की लहानपणी गॉल्टनचा बुद्ध्यांक २००च्या आसपास होता. गॉल्टनला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. हिशेब सोपा: मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. चार वर्षांचं मूल आठ वर्षांच्या मुलाची कामं करत असेल, तर २००. घरात शिकवायला हौशी बहीण होती आणि पत्र तिलाच लिहिलेलं होतं, हे या भागाकारात कुठेच बसत नाही.

टर्मनची विद्यार्थिनी कॅथरीन कॉक्स हिनं हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. चरित्रकोशांत कोणाला किती जागा मिळाली यावरून मानसशास्त्रज्ञ कॅटेलनं १९०३ साली थोरांची यादी छापली होती. त्यातून कॉक्सनं १४५० नंतर जन्मलेले ३०१ जण निवडले, त्यांच्या बालपणाचे पुरावे गोळा केले आणि परीक्षकांकडून प्रत्येकाला दोन आकडे देवविले: एक सतराव्या वर्षापर्यंतचा, दुसरा तरुणपणाचा. १९२६ साली जाडजूड ग्रंथ निघाला.

यात तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलला बालपणासाठी १९० मिळाले. तो तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकू लागला, हे आपल्याला कळतं कारण त्यानं स्वतःच ते आत्मचरित्रात लिहून ठेवलं. गंमत अशी, की त्याच पुस्तकात तो म्हणतो, आपली उपजत कुवत सरासरीपेक्षा कमीच होती. सारी करामत वडिलांच्या शिकवणीची. परीक्षकांनी ग्रीक तेवढं उचललं.

मायकेल फॅरेडेला १०५. लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला. बांधायला आलेली पुस्तकंच तो वाचायचा. पण त्याच्या लहानपणी त्याच्या घरात रोजनिशी लिहायला कोणाला फुरसत होती? तरुणपणी त्याचा आकडा एकदम १५० होतो. डोकं तेच होतं; मधल्या काळात कागद वाढले.

हे कॉक्सच्याही लक्षात आलं होतं. माहिती जितकी भरपूर तितका बुद्ध्यांक चढा, असं तिला दिसलं. त्यावर तिनं आकडे वर सरकवणारी संख्याशास्त्रीय दुरुस्ती केली. खरे गुण याहून जास्तच असणार, असं गृहीत धरून. मला वाटतं, हिशेब अडला तो इथेच. पुरावा तोकडा असेल तर फार तर ‘ठाऊक नाही’ म्हणता येतं. दुरुस्तीनं फॅरेडेचं हरवलेलं बालपण सापडत नाही.

परीक्षकांची मतं जुळली म्हणजे माप विश्वसनीय, असंही सांगितलं जातं. पण सगळ्यांनी एकच फाइल वाचलेली असते. खरी चाचणी वेगळी असते. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कामतांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठीत आणि कन्नडमध्ये आणली, ती मुलाला समोर बसवून घ्यायची असते. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच पद्धतीनं. मेलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही, त्याच्याविषयी इतरांनी काय जपून ठेवलं तेवढंच वाचता येतं.

तरी आकडे चालू राहिले. २००६ साली मानसशास्त्रज्ञ डीन सायमंटननं अमेरिकेच्या ४२ राष्ट्राध्यक्षांचे बुद्ध्यांक अंदाजले, आणि त्या हिशेबात कॉक्सचे आकडेही होते. व्हॉट्सॲपवर आइन्स्टाइनच्या फोटोखाली १६० येतो तो तर कुठल्याच चाचणीतून आलेला नाही.

कॉक्सच्या ३०१ जणांत शेक्सपिअर नाही. त्याच्या लहानपणाची पुरेशी माहिती नव्हती, म्हणून त्याला वगळलं.