क्लचला ‘प्ले’ हवाच

‘क्लच जरा टाइट करून द्या,’ असं सांगणारं गिऱ्हाईक प्रत्येक गॅरेजवाल्याच्या ओळखीचं असतं. लिव्हर थोडा मोकळा हलला की वायर सैल झाली, असा त्याचा ठाम समज. पण तेवढा मोकळेपणा कंपनीनं मुद्दाम ठेवलेला असतो. त्यालाच प्ले म्हणतात. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर प्ले ठेवायला सांगितलेला असतो. काही कंपन्या तो लिव्हरच्या मुळाशी मोजायला सांगतात, तिथे तो २-३ मिलिमीटरच भरतो.

तो का लागतो? गाडी चालताना क्लचप्लेटांचा गठ्ठा स्प्रिंगांनी घट्ट दाबून धरलेला असतो. लिव्हर ओढला की तो दाब सुटतो. वायर कायम ताणलेली ठेवली तर लिव्हरला हात न लावताही दाब थोडा सुटलेलाच राहतो. मग प्लेटा घसरतात, तापतात आणि जळतात. खंबाटकीच्या चढाला डबलसीट जाताना इंजिन नुसतंच ओरडतं आणि गाडी काही ओढत नाही, त्यामागे पुष्कळदा हौसेनं टाइट केलेली वायर असते.

‘प्लेटा झिजल्या की लिव्हर सैल पडतो’ हे तर सरळ उलटं आहे. प्लेटा झिजल्या की गठ्ठा पातळ होतो, दाब देणारी तबकडी सरकते आणि बहुतेक गाड्यांत प्ले कमी होत जातो. सैलपणा येतो तो वायर ताणली गेल्यामुळे. म्हणून कोणी हात न लावता प्ले नाहीसा झाला, तर ती खूण प्लेटांच्या झिजेची समजावी. प्ले बरोबर आहे, तरी क्लच घसरतोच आहे? मग अॅडजस्टर कितीही फिरवा, दोष प्लेटांत, स्प्रिंगांत किंवा तेलात आहे.

जास्त सैल सोडणंही बरं नाही. बोटं लहान असणारे चालक क्लच हँडलजवळ उचलावा म्हणून वायर ढिली करून घेतात. मग लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा नीट सुटत नाहीत. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, गिअर खडखडत पडतो आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सवर आळ येतो. सकाळी पहिला गिअर टाकताना होणारा ‘खट्’ मात्र वेगळा. रात्रभर थंड तेलानं प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात, एवढंच.

अॅडजस्टर हँडलपाशी असतो आणि बहुतेक गाड्यांत इंजिनाकडेही. हँडलपाशी आधी लॉकनट सैल करायचा. अॅडजस्टर बाहेर आला की प्ले घटतो, आत गेला की वाढतो. तो फार बाहेर आलेला दिसला तर पुन्हा आत बसवून उरलेली दुरुस्ती इंजिनाकडच्या नटांवर करावी. शेवटी अॅडजस्टर, लॉकनट आणि ब्रॅकेट यांच्या खाचा एका रेषेत ठेवू नयेत, नाहीतर वायर खाचेतून निसटू शकते. हँडल दोन्ही टोकांना वळवूनही प्ले तेवढाच राहतो ना, हे पाहावं. हे एवढंसं काम कुणी करताना दिसत नाही.

लिव्हर जड लागतो म्हणून वायर ढिली करणंही व्यर्थच. जडपणा कोरड्या, दुमडलेल्या किंवा आतून तार तुटत आलेल्या केबलमुळे असू शकतो. तिला तेल द्यावं, नाहीतर ती बदलावी. काही महागड्या गाड्यांच्या लिव्हरवर आकड्यांची चकती असते. तिनं लिव्हर हातापासून जवळ-लांब होतो, वायरचा प्ले त्यानं ठरत नाही. सुझुकी हायाबुसासारख्या हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत तर वायरच नसते, प्लेटांची झीज यंत्रणा स्वतःच भरून काढते.

आणखी एक दोष वायरीच्या वाट्याला उगाच येतो: इंजिन ऑइलचा. मोटरसायकलचा क्लच बहुधा त्याच तेलात बुडालेला असतो. घर्षण कमी करणारं, कारसाठी बनवलेलं तेल ओतलं तर अचूक जुळवलेला क्लचही घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ छापलेलं पाहून घ्यावं. ‘एमबी’ छापलेलं तेल स्कूटरसाठी. तिचा क्लच कोरडाच असतो, इंजिन ऑइलशी त्याचा संबंध येत नाही.