जिल्ह्याची बाग

शहरानें बाग राखावी हें आपल्या परिचयाचें आहे. परंतु सबंध जिल्ह्यानें मिळून उद्यानें राखावींत, ही कल्पना अमेरिकेंत प्रथम न्यू जर्सी राज्यांतील एसेक्स जिल्ह्यानें १८९५ सालीं अमलांत आणिली. नेवार्क शहरांतील ब्रँच ब्रुक उद्यान हें तिचें पहिलें फळ. तेथें पूर्वीं दलदल होती. १८६२ सालीं, यादवी युद्धाच्या काळांत, सैनिकांची छावणीही पडली होती. पुढें ऑल्मस्टेड बंधूंनीं त्या भूमीस तळीं, हिरवळी व वळणदार वाटा यांचें रूप दिलें.

कॅरोलाइन बँबर्गर फुल्ड या बाईंनीं १९२७ सालीं उद्यानास सुमारें २,००० जपानी चेरीचीं झाडें अर्पण केलीं. परंतु चेरीचा वृक्ष अल्पायुषी. देणगी एकदांच मिळते, निगा मात्र नित्य राखावी लागते. कालांतरानें पुष्कळ झाडें गेलीं. तेव्हां १९९९ सालीं नागरिकांनीं मंडळ स्थापून जिल्ह्यास साह्य केलें. आज तेथें वसंतांत ५,००० हून अधिक झाडें फुलतात.

घरचें तुळशीवृंदावन आजेसासूबाईंनीं बांधिलें, तरी पाणी सूनबाईसच घालावें लागतें. सार्वजनिक बागेलाही असेच वारस हवेत.