फिश टँकचा उजेड : खर्च कुठे, बचत कुठे

क्रॉफर्ड मार्केटमधून पिशवीत आणलेले निऑन टेट्रा घरच्या टाकीत सोडले की अनेकांचा हिरमोड होतो. दुकानात लखलखणारी निळी पट्टी इथे मळकट दिसते. मग ‘लाइट कमी पडतोय’ असं निदान होतं आणि महागड्या रंगीत एलईडीची चौकशी सुरू होते.

निदान बहुतेक वेळा चुकतं. निऑन टेट्रा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळसर, सावलीतल्या पाण्यातला. त्याची पट्टी स्वतः प्रकाश देत नाही. कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांवर पडलेला उजेड परतून ती चमकते. ती उठून दिसायला मागे काळोख हवा. टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून काळा चार्टपेपर चिकटवला आणि तळाची पांढरी खडी काढून गडद खडी घातली, तर त्याच दिव्यात मासे वेगळे दिसू लागतात. फिक्या तळावर अनेक मासे स्वतःचा रंगही फिका करतात, तोही प्रश्न सुटतो.

दुसरी बचत झाकणात दडलेली असते. बोअरचं जड पाणी असेल तर वरच्या काचेवर क्षारांचा पांढरा थर साचतो आणि दिव्याचा बराच उजेड तिथेच अडतो. काच काढून व्हिनेगरने पुसायची, स्वच्छ धुवायची आणि परत बसवायची. जुन्या हूडमध्ये गोल ट्यूब असेल तर तिचा निम्मा उजेड वरच्या दिशेने जातो. हूडची आतली बाजू पांढऱ्या रंगाने रंगवली की त्यातला बराचसा खाली वळतो. काही जण यासाठी स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल लावतात. पण ती वीजवाहक आहे, होल्डरजवळ ती नकोच.

एवढं करूनही दिवा बदलायचा असेल, तर आधी तो कोणासाठी हे ठरवावं. माशांना दिवस-रात्र कळण्याइतका उजेड पुरतो. भूक असते ती वनस्पतींना. खोक्यावरचे तीन आकडे इथे कामाला येतात : वॅट म्हणजे वीज किती जळणार, ल्युमेन म्हणजे उजेड किती मिळणार आणि केल्विन म्हणजे त्याची छटा पिवळसर की पांढरी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी मावतं. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन यांसारख्या कमी उजेडातल्या झाडांसाठी लिटरमागे २० ल्युमेन हा शौकिनांचा ढोबळ हिशेब. म्हणजे झाले १००० ल्युमेन. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा, ६५०० केल्विनचा, दोन फुटी १० वॅटचा साधा एलईडी बॅटन जवळपास तेवढा उजेड देतो. त्यावर ‘अ‍ॅक्वेरियम’ असं छापलेलं नसतं, म्हणून तो स्वस्त असतो.

हा स्वस्त पांढरा उजेड शक्य झाला निळ्या एलईडीमुळे. त्याच्या शोधासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं; त्यांतले एक हिरोशी अमानो. गंमत अशी की, पाण्याखालच्या बागांची कला जगभर पोहोचवणारे जपानी कलावंतही अमानोच, ताकाशी अमानो. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने एलईडी बल्ब ७० रुपयांपर्यंत आणून घराघरांत पोहोचवला.

दिवा चांगला लागला की पुढची तक्रार शेवाळाची. झाडांना वापरता येईल त्याहून जास्त उजेड आणि पाण्यात साठलेलं खत मिळालं की शेवाळ फोफावतं. मोकळ्या खिडकीत ठेवलेल्या टाकीचं पाणी हिरवं होतं तेही याचमुळे. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. तो आठवणीवर सोडण्यापेक्षा सॉकेटमध्ये बसणारा २४ तासांचा टायमर घ्यावा. रंगीत दिव्यापेक्षा हा खर्च जास्त उपयोगी. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे अंधारात एकदम दिवा लागला की ते बिथरतात. आधी खोलीतला दिवा, मग टाकीतला, एवढा क्रम पाळला तरी भागतं.

एका ठिकाणी मात्र काटकसर नको. साधा बॅटन वॉटरप्रूफ नसतो. तो काचेच्या झाकणाच्या वरच राहायला हवा. वायर सॉकेटकडे जाण्याआधी तिला सॉकेटपेक्षा खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकेल. टाकीत हात घालण्यापूर्वी दिवा आणि हीटर बंद.

गालिच्यासारखी पसरणारी झाडं किंवा खाऱ्या पाण्यातली प्रवाळं पाळायची असतील, तर हा बॅटन पुरणार नाही. तिथे खास दिव्यांना पर्याय नाही. गप्पी, मोली, टेट्रा आणि चार हिरव्या झाडांच्या टाकीला तो पुरतो, आणि रोज आठ तास जळूनही महिन्याला अडीच युनिटांच्या आत वीज घेतो.