वेल्डिंगपासून धातूच्या त्रिमितीय छपाईपर्यंत

कोण : तारासंकर देबरॉय, अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठातील द्रव्यविज्ञानाचे (मटेरिअल्स सायन्स) प्राध्यापक. पीएच.डी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून.

पाया : वेल्डिंग करताना वितळलेल्या धातूच्या इवल्याशा डबक्यात उष्णता आणि प्रवाह कसे फिरतात, याचे गणित. छपाईच्या अभ्यासात तेच कामी आले.

प्रक्रिया : धातूच्या भुकटीचा थर साधारण ३० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. लेझर फिरतो, भुकटी वितळते आणि क्षणार्धात गोठते. स्फटिककण अनेकदा खांबांसारखे, थरामागून थर भेदत वर वाढतात.

महत्त्व : सुट्या भागाची ताकद बऱ्याच अंशी ही कणरचना ठरवते. आकार जमला, पण आतली वीण बिघडली, तर भाग दगा देतो.

टप्पा : २०१८ मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेला, धातूच्या छपाईवरचा शंभराहून अधिक पानांचा आढावालेख.