प्रश्न विचारणे हेही तपच

चातुर्मासात परभणी, जिंतूर, सेलू, मानवत अशा आपल्या गावांतून प्रवचनांना चांगली उपस्थिती असते. दुकाने थोडी उशिरा उघडली जातात, एकासनाचे आणि उपवासाचे नियम घेतले जातात. मात्र प्रवचनानंतर ‘कोणास काही शंका असल्यास विचारावी’ असे जाहीर झाले की सभामंडपात शांतता पसरते. ज्येष्ठांना प्रश्न विचारणे अविनयाचे वाटते. तरुणांना आपला प्रश्न तिथे शोभणार नाही असे वाटते. वस्तुतः शास्त्राने प्रश्नाला फार वरचे स्थान दिले आहे. श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाची गणना सहा अंतरंग तपांत केली आहे, आणि स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत वाचनेच्या लगोलग पृच्छना येते. म्हणजे उपवास हे जसे तप, तसेच शंका विचारणे हेही तप; आणि उपवास बाह्य तपांत मोडतो, पृच्छना अंतरंग तपांत.

दिगंबर परंपरेतील पुराणकथा राजा श्रेणिकाने गौतम गणधरांना विचारलेल्या प्रश्नांतून उलगडत जातात. श्वेतांबर आगमांपैकी उत्तराध्ययनसूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात श्रावस्ती नगरीतील केशी आणि गौतम यांचा संवाद आहे. केशी हे भगवान पार्श्वनाथांच्या परंपरेतील श्रमण, गौतम भगवान महावीरांचे शिष्य. एकीकडे चार यम, दुसरीकडे पाच महाव्रते. ध्येय एक असताना हा भेद का, असा शिष्यांच्या मनातला प्रश्न होता. केशींची परंपरा ज्येष्ठ, हे जाणून गौतम स्वतः त्यांच्याकडे चालत गेले. केशींनी त्यांना बसण्यासाठी गवत अंथरून दिले आणि एकेक प्रश्न विचारला. मतभेद होता, म्हणूनच भेट झाली. मला या प्रसंगातले ते गवताचे आसन फार महत्त्वाचे वाटते.

आपल्या घरांत हे आसन मुलांसाठी अंथरले जाते का? जिंतूरजवळ नेमगिरीच्या गुहामंदिरात भगवान पार्श्वनाथांची भव्य पाषाणमूर्ती एका लहानशा दगडावर टेकलेली आहे. बाकी सारा भार अधांतरी भासतो. म्हणूनच ते अंतरिक्ष पार्श्वनाथ. आजोबा त्यास अतिशय म्हणतात, अभियांत्रिकी शिकणारा नातू गुरुत्वमध्याची गोष्ट काढतो. अशा वेळी आपण ‘अनेकांत आहे, तुझेही खरे, माझेही खरे’ म्हणून विषय मिटवतो. पण अनेकांत म्हणजे दोघांची समजूत काढणे नव्हे. प्रत्येक विधान कोणत्या नयाने, कोणत्या अपेक्षेने केले आहे, हे स्पष्ट सांगण्याची ती शिस्त आहे. नातू भार कसा तोलला गेला ते सांगतो आहे, आजोबा तिथे हात का जोडले जातात ते सांगत आहेत. एवढे उलगडून सांगितले, तर दोघेही पुन्हा एकत्र नेमगिरी चढतील.

हा प्रश्न तसा सौम्य. अवघड प्रश्न दुकानाचा. माझ्या परिचयातील एका आडत व्यापाऱ्याच्या पुण्यात शिकणाऱ्या नातीने जेवताना विचारले, ‘आजोबा, आपण बटाटा खात नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही; मग शेतकऱ्याच्या पोत्यामागे कडता कसा धरतो?’ ‘बाजाराची रीत आहे’ असे उत्तर मिळाले. रीत आहे हे खरेच. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार दिले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान आहे: घेताना एक माप, देताना दुसरे. प्रतिरूपकव्यवहार आहे, म्हणजे भेसळ. विरुद्धराज्यातिक्रम आहे, राज्याचे नियम डावलून केलेला व्यापार त्यात येतो, आणि बिलाविना केलेली विक्री त्याबाहेर ठेवणे मला तरी जमत नाही. मुलीने विचारलेला प्रश्न नवा नव्हता, सूत्राइतकाच जुना होता.

माझे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे सत्य अणुव्रताच्या अतिचारांतील न्यासापहार या शब्दापाशी मी नेहमी थांबतो. आचार्य पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’ टीकेत त्याचा अर्थ फार सूक्ष्म आहे. ठेव ठेवणारा रक्कम विसरला, त्याने कमी मागितली, आणि आपण ‘बरोबर’ म्हणून तेवढीच परत केली, तर तो दोष. आपण मागितले तेवढे दिले, खोटी वही केली नाही, तरीही दोष! बँकेतल्या ठेवीला आज कायद्याचे संरक्षण आहे. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर ती ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. ही व्यवस्था २०१४ पासून आहे. पैसे बँकेचे होत नाहीत. ठेवीदार किंवा वारस नंतरही ते मागू शकतो, आणि २०२३ पासून ‘उद्गम’ या पोर्टलवर घरबसल्या शोधूही शकतो. पेढीवरच्या ठेवीला असा निधी नाही. विश्वासाने, कागदाविना ठेवलेली एखाद्या विधवा आत्याची रक्कम, खेड्यातल्या कुळाने पिकाच्या पैशातून मागे ठेवलेले चार-पाच हजार, यांचा वारस वहीखेरीज कोणालाच ठाऊक नसतो.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, मुले शेजारी बसून पाहत असतात. त्यांतल्या एखाद्याने विचारले, ‘जुन्या वहीत ज्यांचे जमा आहे पण जे मागायला आलेच नाहीत, ती नावे आपण कधी वाचतो का?’ तर त्याला गप्प बसवायचे, की कपाटातून जुनी वही काढून त्याच्यासमोर ठेवायची?