रात्री जेट्टीवरून माकूल कसं पकडतात?

मी जळगावचा, आपले मासे तापीचे, हतनूर धरणाचे. आज मात्र समुद्रातल्या माकूलबद्दल, म्हणजे स्क्विडबद्दल बोलतो.

जेट्टीवरच्या दिव्याचा उजेड पाण्यावर पडला की आधी बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे छोटे मासे, आणि त्यांच्यामागे माकूल. पण ते कडेच्या अंधारात दबा धरतं. म्हणून गळ टाकायचा उजेड-अंधाराच्या सीमेवर. हा गळ कोळंबीसारखा दिसतो, मागे काट्यांची गोल रांग. हलका झटका द्या, थांबा. गळ खाली जाताना माकूल बहुतेकदा धरतं. मग तंगूस सैल सोडू नका, कारण या काट्यांना अडकवणारं उलटं टोक नसतं. आणि वर घेताना जरा लांब राहा, शाई उडते!

आता खरा मुद्दा. मोठ्या बोटी जनरेटरवर प्रखर एलईडी लावून हेच करतात, तेव्हा पिल्लंही जाळ्यात जातात. माकूल जगतं जेमतेम वर्षभर. पिल्लंच गेली तर अंडी घालणार कोण? छोट्या मच्छीमारांचं जाळंही रिकामं राहतं. म्हणूनच केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली.

तर कोकणात गेलात आणि गळाला छोटं माकूल लागलं, तर परत पाण्यात सोडा. भेटू पुढच्या भागात!